साडूच्या जखमेवर मीठ

२ मार्च, रविवार. दुपारी २.१०

आजचा दिवस लक्षात ठेवायचा. म्हणूनच ही वही. ऑफिसची जुनी आहे, पहिली चार पानं नापास वजनकाट्यांच्या नोंदींची, पण कागद चांगला आहे.

११.४० ला वीज गेली. बाहेर डोळे दिपवणारं ऊन. माझ्या छतावर चौदा सोलर पॅनल. गेल्या वर्षी बसवले तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकाला वर नेऊन दाखवले होते. आणि घरात पंखा बंद, फ्रिज बंद, सगळं ठप्प. हेल्पलाइनवरची बाई म्हणाली, बाहेरची लाइन गेली की पॅनलसुद्धा आपोआप बंद होतात, नाहीतर दुरुस्तीला खांबावर चढलेल्या लाइनमनला झटका बसेल. वीज साठवायला बॅटरी असेल तरच घर चालू राहतं. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं. ती म्हणाली, करारात पान अकरावर आहे, खाली तुमची सही आहे. उद्धट बाई.

बारा वाजता अण्णांचं वाफेचं मशीन. अण्णा म्हणजे माझे सासरे. सहा वर्षं आमच्याकडेच असतात. छातीचं दुखणं, दिवसातून तीनदा औषधाची वाफ घ्यावी लागते, आणि मशीन विजेवर चालतं. हिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, अण्णांचा हात धरला आणि त्यांना समोर घेऊन गेली. समोर म्हणजे रस्त्यापलीकडे, हिच्या धाकट्या बहिणीकडे. तिचा नवरा म्हणजे माझा साडू. रंगाचं दुकान आहे. त्यानं पॅनलबरोबर बॅटरीही घेतली होती. गुपचूप, कुणालाही वर न नेता.

तो गेटात उभा होता. म्हणाला, काय साडूभाऊ, छतावर सूर्य आणि खाली अंधार? आणि हसला. त्याची बायको हसली. अण्णाही हसले. ते मी नीट पाहिलं.

या हसण्याची भरपाई होणार. मी वजन-मापांचा निरीक्षक आहे. सव्वीस वर्षं लोकांची मापं काढतोय. याचंही काढेन.

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी ७

आज वीज दोनदा गेली. ही म्हणते, अण्णा दोन दिवस तिकडेच राहू देत. मला काय. उलट सुटलो. रोज सहाच्या ठोक्याला बुद्धिबळाचा पट मांडून बसायचं, म्हाताऱ्याच्या समाधानासाठी मुद्दाम हरायचं. सहा वर्षं हरतोय. शनिवारी खरोखर हरलो, पण तेव्हा डोकं दुखत होतं.

सवयीनं सहाला पट मांडला. मग आवरून ठेवला.

६ मार्च, गुरुवार

वीज कार्यालयाला तक्रार पाठवली. आठवड्यातली सातवी. सरकारी माणूस सरकारी माणसाला लिहितो तेव्हा भाषा कशी असावी याचा नमुना आहे. गल्लीच्या टोकाचा ट्रान्सफॉर्मर निकामी आहे, जबाबदारी निश्चित करावी, वगैरे.

ही समोरून आली आणि सहज म्हणाली, अण्णा त्यांना बुद्धिबळ शिकवतायत. कुणाला? तर साडूला. तो म्हणे घोडा सरळ चालवतो. पन्नाशीला आलेला माणूस घोडा सरळ चालवतो, आणि अण्णा हसत हसत त्याला परत जागेवर ठेवायला लावतात. मला त्यांनी सहा वर्षांत एकदाही चाल परत घेऊ दिली नाही.

जेवण गेलं नाही. पित्त असावं.

ठरलं: (१) साडूचा सूड घ्यायचा. (२) शांतपणे घ्यायचा. (३) हिला कळू द्यायचं नाही.

७ मार्च, शुक्रवार. सकाळी

हिला कळलं. मी रात्री झोपेत बोललो म्हणे.

१० मार्च, सोमवार

रंगाच्या दुकानांची तपासणी निघाली. योगायोगानं पहिलंच दुकान साडूचं. रंग मिसळायचा काटा हरभऱ्याच्या दाण्याएवढाही चुकला की रंगाची छटा बदलते, त्यामुळे तो ग्रॅमला पक्का लागतो. मी पेटीतून माझं प्रमाणित किलोचं वजन काढलं, काट्यावर ठेवलं. काटा म्हणाला, नऊशे अठ्ठ्याण्णव.

दोन ग्रॅम. पोटात गुदगुल्या झाल्या. चेहरा मात्र दगड. नोटिशीची वही काढली, कार्बन घातला, पेनचं टोपण उघडलं. साडू म्हणाला, साडूभाऊ, एकदा माझं वजन ठेवून बघता का. त्याच्याकडे स्वतःचं, शिक्का असलेलं, मखमलीच्या डबीतलं वजन निघालं. काटा म्हणाला, एक हजार.

माझं वजन उलटसुलट करून पाहिलं. खालच्या कडेचा टवका उडालाय. गेल्या महिन्यात ऑफिसच्या जिन्यावर पेटी पडली होती, तेव्हाचा असणार. तेव्हापासून आजपर्यंत मी एकोणीस काटे नापास केलेत. त्याचा विचार पुढे कधीतरी.

शेरा लिहावा लागला: काटा उत्तम. साडूनं चहा पाजला. अर्धाच प्यायलो.

१५ मार्च, शनिवार

आज बॅटरीच्या शोरूममध्ये. डोळे उघडले.

साडूकडची बॅटरी लिथियमची. म्हणजे जुनं झालं ते. विक्रेता म्हणाला, आता सोडियमची निघाली आहे. सोडियम म्हणजे मिठात असतं ते. मुबलक, सहज पेट घेत नाही, थंडीत कुरकुरत नाही. फक्त तेवढीच वीज साठवायला ती लिथियमपेक्षा जड होते आणि जागा जास्त खाते. मी म्हटलं, वजन हा माझा विषय आहे, तुम्ही काळजी करू नका. साडूच्या दुप्पट क्षमतेची सांगितली. वजन तीनशे दहा किलो.

जखमेवर मीठ चोळणं आजवर नुसतं ऐकलं होतं. आता तीनशे दहा किलो चोळायचं.

ही म्हणाली, मिठाची म्हणजे पावसात पाणी सुटेल का? मी तिला अणूपासून समजावलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे आता अण्णांना घरी आणता येईल ना? मी म्हटलं, हो, तोही एक फायदा आहेच.

पैशाचा विषय या वहीत काढायचा नाही.

१६ मार्च, रविवार

जिन्याखालच्या कोनाड्याचं माप घेतलं. ९१ सेंटिमीटर. बॅटरीचं कपाट ८९. शिक्क्याच्या टेपनं तीनदा मोजलं. मापात मला कुणी फसवू शकत नाही.

दुपारी खिडकीतून दिसलं. समोरच्या व्हरांड्यात अण्णा आणि साडू पटावर वाकलेले. अण्णांनी साडूच्या पाठीवर थाप मारली. घोडा बरोबर पडला असणार.

पडदा ओढून घेतला.

२९ मार्च, शनिवार. सकाळपासून

बॅटरी आली. चार माणसांनी कण्हत आत आणली. साडू दुकानाला निघाला होता, मुद्दाम थांबला. मी त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, जपून, तीनशे दहा किलो आहे. तो म्हणाला, हात लावू का. नको म्हटलं.

फिटर म्हणजे एक बारीक, कमी बोलणारा माणूस. कोनाड्यात डोकावला आणि म्हणाला, इथे नाही बसत. मी टेप काढला. दाखवलं, ९१ आणि ८९. तो म्हणाला, साहेब, कपाट बसेल हो, हवा कुठून खेळेल? दोन्ही बाजूंना वीतभर जागा पाहिजे, पुढे मीटरभर. आणि भिंतीपलीकडे तुमची शेगडी आहे. मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलं. माहितीपत्रकात आहे म्हणाला. पान मी विचारलं नाही.

मग तो घरभर फिरला, भिंतींवर बोटं वाजवत. वरच्या मजल्यावर एवढं वजन चालणार नाही. हॉलमध्ये ऊन येतं. शेवटी अण्णांच्या खोलीत उभा राहिला. कोरडी, हवेशीर, मीटर भिंतीलाच लागून. म्हणाला, ही खोली जणू बॅटरीसाठीच बांधलीय.

चार माणसं दारात वजन धरून उभी. निर्णय घेणं भाग होतं. मी घेतला. तात्पुरता. अण्णांचा पलंग खोलून माळ्यावर टाकला. त्यांच्या औषधांचा स्टूल, चष्म्याची डबी, भिंतीवरचं सासूबाईंचं चित्र, सगळं नीट कागदात गुंडाळून ठेवलं. मी स्वतः गुंडाळलं.

ही दारात उभी होती. काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

१ एप्रिल, मंगळवार

हिला पटलेलं नाही. शनिवारपासून बोलत नाहीये, ते आज लक्षात आलं.

पण एकदा मोठी वीज गेली की तिलाही कळेल. डोळ्यांसमोर चित्र स्पष्ट आहे. गल्ली अंधारात. साडूची चिमुकली बॅटरी मान टाकते. फक्त माझं घर लखलखतंय. अण्णा रस्ता ओलांडून येतात, मागून साडू त्यांची बॅग उचलून, मान खाली घालून. मी दारात उभा. फार काही बोलायचं नाही. एवढंच म्हणायचं, या. ठेवा इथे.

अण्णा फोनवर विचारत होते, जावईबापू, तुमची सोय झाली का? मी म्हटलं, झाल्यातच जमा आहे, चांगला मुहूर्त बघून आणतो तुम्हाला. ते म्हणाले, मुहूर्त कशाला, मी काय नवरी आहे का. खोलीबद्दल फोनवर बोलणं बरं दिसलं नसतं.

१२ एप्रिल, शनिवार

वीज जात नाही.

चौदा दिवस झाले. एकदाही नाही. साधा दिवा लुकलुकलेला नाही. पूर्वी दिवसाला दोनदा जायची. हे काय चाललंय.

१४ एप्रिल, सोमवार

वीज कार्यालयाचं पत्र आलं. आपल्या सातही तक्रारींची गंभीर दखल घेऊन ट्रान्सफॉर्मर नवा बसवण्यात आला आहे. सहकार्याबद्दल आभार.

या देशात कधी नाही ते काम झालं, आणि तेही माझ्याच अर्जावर.

१५ एप्रिल, मंगळवार

हातावर हात धरून बसणार नाही. वीज गेली नाही म्हणून उजेड पाडता येत नाही असं कुठे आहे? गॅलरीत दोन मोठे फोकस लावले, तोंड बरोबर समोरच्या व्हरांड्याकडे. संध्याकाळ झाली की घर बॅटरीवर टाकायचं आणि सगळे दिवे चालू. दिवसा सूर्य भरतो, संध्याकाळी मी साडूच्या डोळ्यांत ओततो. एका पैशाची वीज बाहेरून नाही. साडूला झोंबलंच पाहिजे.

१८ एप्रिल, शुक्रवार

मेव्हणी भेटली. म्हणाली, भावोजी, किती छान केलंत हो. आता संध्याकाळी व्हरांड्यात दिवासुद्धा लावावा लागत नाही. अण्णांना पट स्वच्छ दिसतो. हल्ली दोन-दोन डाव खेळतात.

म्हणजे ते दोघं माझ्या बॅटरीवर खेळतायत.

फोकस फिरवून रस्त्याकडे केले. तासाभरानं साडूचा फोन. म्हणाला, साडूभाऊ, दिव्याचं तोंड वाऱ्यानं फिरलंय बहुतेक, अण्णा विचारतायत. परत होते तसे केले. अण्णांच्या डोळ्यांचा प्रश्न होता.

२३ एप्रिल, बुधवार. संध्याकाळी ७.५०

गेली. वीज गेली. ७.२० ला, सगळ्या गल्लीची. मी उठून उभाच राहिलो. माझं घर लखलखत होतं. गॅलरीत गेलो, कठड्यावर हात ठेवले. समोर साडूचा एक दिवा, केविलवाणा. आता हाक येणार म्हणून घसा साफ केला.

७.३१ ला माझं घर बंद पडलं.

मोबाइलवर पाहिलं. बॅटरी शून्य टक्के. फोकस तासभर आधीपासून चालू होते, गीझर चालू होता, हिची इस्त्री चालू होती. कालपासून ढग होते. फिटरला फोन लावला. तो म्हणाला, साहेब, अडचणीपुरती राखून ठेवायला त्यात सेटिंग आहे, तुम्ही ती शून्यावर ठेवलीय. मी म्हटलं, मी कशाला ठेवीन. म्हणाला, मग घरातल्या दुसऱ्या कुणी ठेवली असेल.

समोरून साडू टॉर्च घेऊन आला. मेणबत्त्या आणल्या होत्या. चार. अगदी जाड.

२४ एप्रिल, गुरुवार

नवा नियम. राखीव शंभर टक्के. एकही दिवा बॅटरीवर नाही. फोकस काढले. वाट बघायची. वर्ष लागलं तरी चालेल. मेणबत्त्यांचाही हिशोब धरलाय.

ही बोलायला लागली. म्हणाली, अण्णा विचारत होते माझ्या पलंगाची गादी उन्हात टाकता का म्हणून. मी गप्प राहिले, म्हणाली. मी म्हटलं, बरं केलंस.

३ मे, शनिवार. रात्री ९.४५

सगळं क्रमानं लिहितो.

दिवसभर आभाळ भरलेलं. साडेतीनला खोदकामाच्या यंत्रानं जमिनीखालची केबल तोडली, अर्ध्या शहराची वीज गेली. माझी बॅटरी शंभर. साडूची सकाळपासून ढगांमुळे धड भरलीच नव्हती. मी खिडकीत खुर्ची टाकून बसलो. पावणेआठला त्याचा पंखा थांबला. सव्वाआठला दिवा गेला. मी हिला म्हटलं, सगळे दिवे लाव.

८.४० ला साडू आला. दारात उभा. घाम आलेला. म्हणाला, साडूभाऊ, नऊला अण्णांची वाफ आहे, आमची संपली, इकडे आणू का त्यांना? मी म्हटलं, काय म्हणालात, ऐकू नाही आलं. त्यानं पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, जरा मोठ्यानं. तो पुन्हा बोलला, पहिल्यापेक्षा हळू. म्हणाला, दम लागतोय त्यांना.

मी म्हटलं, आणा.

दोन महिने ज्यासाठी थांबलो तो क्षण हाच. झाला. तीनदा बोलायला लावलं. जमेल तितका आनंद झाला.

अण्णा आले ते मेव्हणीच्या खांद्यावर हात टाकून. मागून साडूनं बॅग आणली, उशी आणली, आणि काखेत बुद्धिबळाचा पट. जसं मनात होतं अगदी तसंच. अण्णा धापा टाकत म्हणाले, तुमची सोय झालीय तर आता इथेच राहीन म्हणतो, उगाच तिकडे त्यांना त्रास. आणि सवयीनं सरळ आपल्या खोलीकडे वळले.

मी काही बोलेपर्यंत त्यांनी दार लोटलं होतं.

मध्यभागी बॅटरी. वर हिरवा दिवा. चारही बाजूंना मोकळी जागा, नियमाप्रमाणे. अण्णा दाराची चौकट धरून उभे राहिले. मग हात पुढे करून कपाटाला लावला. म्हणाले, गार आहे हो. मला वाटलं तापत असेल.

वाफ हॉलमधल्या खुर्चीवर घेतली. मशीन माझ्या विजेवर उत्तम चाललं. वीस मिनिटं मशीन घुरघुरत होतं. छाती मोकळी झाल्यावर त्यांनी विचारलं, हिचं चित्र कुठे ठेवलंत? सासूबाईंचं. मी म्हटलं, कागदात गुंडाळून, अगदी व्यवस्थित. ते म्हणाले, बरं.

मी म्हटलं, अण्णा, वरची खोली आहे आमची, ती घ्या. म्हणाले, जिना कुठला चढवतोय मला. मी म्हटलं, मग हॉलमध्ये पलंग टाकतो, आत्ता, माळ्यावरून काढतो. मी खरंच शिडी आणली. अण्णा म्हणाले, राहू द्या जावईबापू, हॉलमध्ये पाहुणा झोपतो.

साडेनऊला वीज आली. सगळ्यांची. साडूनं बॅग उचलली. जाताना तो काहीतरी टोमणा मारेल म्हणून मी तयार होतो. त्यानं मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

५ मे, सोमवार

फिटरला फोन केला. म्हटलं, बॅटरी काढून न्या. कुठेही न्या. तो म्हणाला, एकदा बसवलेली परत घेत नाहीत साहेब. काही बिघाड आहे का? बिघाड नाही म्हटलं. मग चिंता कसली करता, म्हणाला, दहा वर्षांची हमी आहे, ती जागेवरून हलणार नाही. मी म्हटलं, अण्णा एक्याऐंशी वर्षांचे आहेत. तो म्हणाला, कोण अण्णा?

संध्याकाळी सहाला समोर गेलो. डाव सुरू झाला होता. साडू उठायला लागला, तुम्ही बसा म्हणाला. अण्णा म्हणाले, अर्धा डाव सोडायचा नाही. मेव्हणीनं मला आतून खुर्ची आणून दिली. साडूचा वजीर मरत होता, मला दिसत होतं. सांगितलं नाही. अण्णांनीच त्याला चाल परत घ्यायला लावली. सातला दिवे लावायची वेळ झाली तेव्हा मी निघालो. अण्णा पटावरून मान वर न करता म्हणाले, उद्याही या.